गुन्ह्याच्या दिवशी वय किती होतं? फाशी आणि वयाचा हिशोब

पुण्यात ऑगस्ट १९९४ मध्ये एकाच घरातल्या सात जणांचा खून झाला. पाच बायका, त्यातली एक गरोदर, आणि दोन लहान मुलं. राठी हत्याकांड म्हटलं की त्या काळातल्या पुणेकरांना अजूनही आठवतं. तीन जण पकडले गेले, त्यातला एक माफीचा साक्षीदार झाला, उरलेल्या दोघांना १९९८ मध्ये पुण्याच्या सेशन्स कोर्टाने फाशी सुनावली, १९९९ ला हायकोर्टाने ती कायम केली आणि २००० ला सुप्रीम कोर्टानेही. पुनर्विचार याचिका त्याच वर्षी फेटाळली. म्हणजे सगळ्या पायऱ्या संपल्या होत्या. आणि मग मार्च २०२३ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने या दोघांपैकी एकाला सोडून दिलं. निर्दोष म्हणून नाही हां. गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय १२ वर्षं ६ महिने होतं म्हणून. तोपर्यंत तो २८ वर्षांहून जास्त काळ आत होता, आणि त्यातली बरीचशी वर्षं फाशीचा कैदी म्हणून.

बातमी आली तेव्हा लोकांच्या दोन टोकाच्या प्रतिक्रिया होत्या, एक म्हणजे "सात खून करून सुटला कसा" आणि दुसरी "बारा वर्षांच्या पोराला फाशी दिलीच कशी". दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण दोन्हींचं उत्तर कळायला आधी वय आणि फाशी यांचं नातं कायद्यात नेमकं कसं मांडलंय ते बघावं लागतं, आणि ते बऱ्याच जणांना वाटतं तसं नाहीये. (त्या माणसाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, अल्पवयीन असताना केलेल्या गुन्ह्यात ओळख उघड करू नये असा कायदाच आहे, नाव पेपरांत येऊन गेलं असलं तरी.)

पहिली गोष्ट. भारतात गुन्ह्याच्या दिवशी ज्याचं वय १८ पेक्षा कमी होतं त्याला फाशी देता येत नाही. काहीही केलेलं असो. एक खून असो की दहा. इथे न्यायाधीशाला दया दाखवायची की नाही असला प्रश्नच येत नाही, त्याच्या हातात तो पर्यायच नसतो. आंतरराष्ट्रीय करारही तेच सांगतात, नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावर भारताने १९७९ मध्ये आणि बालहक्क करारावर १९९२ मध्ये मान्यता दिली आहे, आणि दोन्हीत १८ खालच्यांना मृत्युदंड नाही हे स्पष्ट लिहिलंय.

पण १८ कधी मोजायचे? खटला उभा राहिला त्या दिवशी, निकालाच्या दिवशी, की फाशीच्या दिवशी? हा प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. आपल्याच सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये बिहारच्या एका केसमध्ये सांगितलं होतं की आरोपीला कोर्टापुढे पहिल्यांदा आणलं तो दिवस धरा. आता गंमत बघा, म्हणजे पोराने साडेसतराव्या वर्षी गुन्हा केला आणि पोलिसांना तो सात महिन्यांनी सापडला की झाला तो सज्ञान. २००५ मध्ये प्रताप सिंग विरुद्ध झारखंड राज्य या केसमध्ये पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने हे दुरुस्त केलं आणि तेव्हापासून गुन्ह्याची तारीख हीच खरी. इराणमध्ये उलटा प्रकार चालतो. तिथे सोळा-सतराव्या वर्षी केलेल्या गुन्ह्यासाठी शिक्षा सुनावतात, पोरगं १८ चं होईपर्यंत तुरुंगात ठेवतात आणि मग फासावर चढवतात. आम्ही लहान मुलांना फाशी देत नाही असं वर म्हणायला मोकळे. गुन्ह्याची तारीख धरली की ही पळवाट बंद होते.

दुसरी अडचण अशी की १८ हा आकडा आपल्याकडे कायम नव्हता. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात मुलींसाठी १८ आणि मुलांसाठी १६ होतं. २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ केलं, तो १ एप्रिल २००१ पासून लागू झाला. मग १९९० च्या दशकात सतराव्या वर्षी गुन्हा केलेल्याचं काय? त्या वेळच्या कायद्याने तो सज्ञान, नव्या कायद्याने अल्पवयीन. यावर बरीच वर्षं घोळ चालला, शेवटी २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली की अल्पवयीन असल्याचा दावा कोणत्याही कोर्टात, कधीही, अगदी केसचा शेवटचा निकाल लागून गेल्यावरही करता येईल, आणि २००९ मध्ये हरी राम केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवा १८ चा आकडा जुन्या गुन्ह्यांनाही लागू. पुण्याच्या केसमध्ये शेवटच्या निकालानंतर १८ वर्षांनी केलेला अर्ज कसा काय ऐकला, असं लोक विचारतात ना, तो याच दारातून आला. २००६ ची ही तरतूद २०१५ च्या नव्या बाल न्याय कायद्यातही कलम ९ मध्ये तशीच आहे. आणि त्याच्या बाबतीत तर १६ आणि १८ चा वादही नव्हता, साडेबारा म्हणजे जुन्या कायद्यानेही तो मूलच होता.

इथे एक मोठा गैरसमज आहे तो काढून टाकू. निर्भया प्रकरणात सहा आरोपींपैकी एक साडेसतरा वर्षांचा होता. त्याला बाल न्याय मंडळाने तीन वर्षांसाठी सुधारगृहात पाठवलं, कारण त्या वेळच्या कायद्यात तेवढीच कमाल होती, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो बाहेर आला. देश पेटला. मुख्य चौघांना मार्च २०२० मध्ये फाशी झाली, एकाने आधीच तिहारमध्ये जीव दिला होता. तो अल्पवयीन आरोपी बाहेर आला त्याच आठवड्यात संसदेने नवा बाल न्याय कायदा पास केला आणि तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की आता वय १६ वर आलं. नाही आलं. झालंय एवढंच की १६ ते १८ मधल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा, तर मंडळ आधी त्याची समज, परिस्थिती वगैरे तपासतं आणि वाटलं तर केस मोठ्यांसारखी चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवतं. पण तिथे गेला तरी याच कायद्याचं कलम २१ आडवं येतं. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. साधी जन्मठेप होऊ शकते, पण मरेपर्यंत आत असं नाही.

आणि ते "किमान सात वर्षं" पण नीट वाचा. पुण्यातल्या कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणात (मे २०२४ चं, गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला म्हणून गदारोळ झाला ते) पोलिसांनी त्या सतरा वर्षांच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायची मागणी केली होती, ती मंडळाने २०२५ मध्ये फेटाळली. राग येणं समजू शकतो, मलाही आला होता, पण सदोष मनुष्यवधाच्या कलमाला किमान सात वर्षं असं काही नाही आणि किमान शिक्षा नसेल तर तो अतिगंभीर वर्गात बसत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच ठरवून टाकलेलं.

तर कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. खरी मारामारी आहे ती वय सिद्ध करायची.

आपल्याकडे किती जणांचा वाढदिवस १ जून आहे ते आठवून बघा. एका पिढीतल्या अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, बाप पोराला हाताला धरून शाळेत न्यायचा आणि जन्म कधीचा विचारलं की "दुष्काळाच्या वर्षी पोळ्याच्या आसपास" असं काहीतरी सांगायचा, गुरुजी अंदाजाने सहा वर्षं पूर्ण होतील असं वर्ष धरून १ जून लिहून मोकळे. आज सरकारी नोकरीची रिटायरमेंट त्याच तारखेवर होते आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण खुनाच्या केसमध्ये तीच तारीख माणूस फासावर जाणार की सुधारगृहात हे ठरवते, आणि गावाकडच्या मजुराच्या, भटक्या समाजातल्या माणसाच्या बाबतीत तर तीही नसते. मग वय कोण ठरवतं? अटक करणारा हवालदार. दिसतो तेवढं लिहितो. उन्हातान्हात काम केलेलं सतरा वर्षांचं पोर तेवीसचं दिसतं आणि कागदावर तेवीसच पडतं, पुढे चार्जशीट, सेशन्स, हायकोर्ट सगळीकडे तोच आकडा कॉपी होत जातो.

कायद्याने मात्र क्रम ठरवून दिलाय, २०१५ च्या कायद्याचं कलम ९४. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका नाहीतर ग्रामपंचायतीचा जन्म दाखला. आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची टेस्ट. आधार कार्ड या यादीत कुठेच नाही, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका अपघात भरपाईच्या केसमध्ये स्पष्टच म्हटलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला त्याच्या वर.

लोकांना वाटतं हाडांची टेस्ट म्हणजे एकदम सायंटिफिक, तीच पहिली का नाही करत? कारण ती तारीख सांगत नाही, अंदाज सांगतो. मनगट, कोपर, खांदा, कंबर इथल्या हाडांची टोकं वाढीच्या वयात वेगवेगळ्या वेळी जुळतात, एक्स-रे काढून कुठली जुळली कुठली नाही ते बघतात. सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच म्हटलंय की यात दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक पडू शकतो. म्हणजे रिपोर्टमध्ये १९ आलं तर खरं वय १७ पण असू शकतं आणि २१ पण, आणि आपला सगळा वाद तर १७ आणि १८ च्या मधल्या फटीतच आहे. शिवाय पंचविशी ओलांडली की हाडं जुळून गेलेली असतात, तिशी-चाळिशीतल्या कैद्याचा एक्स-रे काढून तो वीस वर्षांपूर्वी कितीचा होता हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून तर टेस्ट करायची असेल तर ती अटक झाल्या झाल्या करायला हवी. शंका उरली आणि दोन्हीकडे वजन सारखं असेल तर अल्पवयीन धरण्याकडे झुका, असंही सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलेलं आहे.

पुण्याच्या राठी केसमध्ये काय झालं? कैद्याने २०१८ मध्ये अर्ज केला, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद सापडली, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. नाव मात्र कोर्टाच्या कागदावर एक आणि शाळेत दुसरंच, म्हणजे दोघं एकच माणूस आहेत का इथपासून सिद्ध करणं आलं. सरकारची बाजू होती की नावं जुळत नाहीत, इतकी वर्षं हा गप्प का होता, आणि असला गुन्हा बारा वर्षांचं पोर करूच कसं शकेल. शेवटचा मुद्दा तुमच्या-माझ्याही मनात येतोच. निकालात न्यायाधीशांनी त्याला प्रामाणिक उत्तर दिलंय, की या गोष्टीने आम्हालाही धक्का बसलाय, पण बालमानसशास्त्राचे आम्ही तज्ज्ञ नाही आणि नुसत्या तर्कावर निकाल देता येणार नाही, कागद काय सांगतो ते बघावं लागेल. कागद साडेबारा सांगत होता. मला स्वतःला या निकालातली हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. गुन्हा भयंकर आहे म्हणून वय वाढत नाही.

आता कोणी म्हणेल की मग काय, प्रत्येक खुनी खोटा दाखला आणून उभा राहील. राहतातही. कसाबच्या खटल्यात सुरुवातीलाच, एप्रिल २००९ मध्ये, त्याच्या वकिलाने तो अल्पवयीन असल्याचा दावा केला होता. कोर्टाने लगेच तपासणी करून घेतली, डॉक्टरांनी वय विशीच्या वर असल्याचं सांगितलं, दावा फेटाळला आणि खटला पुढे चालू. निर्भयातल्या एका फाशीच्या कैद्यानेही शेवटी शेवटी हाच दावा केला, जानेवारी २०२० मध्ये तो सुप्रीम कोर्टाने उडवून लावला. म्हणजे खोटा दावा पकडता येतो. आणि कसाबच्या केसमधलं दुसरंही बघा ना, सगळं जग बघत होतं म्हणून वयाचा प्रश्न पहिल्याच टप्प्यात सुटला. ज्याच्याकडे कोणीच बघत नसतं त्याचा सुटायला २५ वर्षं लागतात.

देहरादूनचं प्रकरण घ्या. गुन्हा १९९४ चा, पुण्याच्या केसचंच साल. आरोपीने कोर्टात वय सांगितलं २०, आणि ते साल होतं २००१, म्हणजे साधी वजाबाकी केली तरी गुन्ह्याच्या वेळी तो १३-१४ चा. ट्रायल कोर्टाने काय म्हणावं? याचं बँकेत खातं आहे, म्हणजे हा सज्ञान. फाशी. वर सगळीकडे कायम. २०१२ मध्ये राष्ट्रपतींनी फाशी रद्द करून साठाव्या वर्षापर्यंत कैद केली. शाळेचा दाखला दाखवून दाखवून शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की तो १४ वर्षांचा होता, आणि त्याला सोडलं, तेही कोर्टांच्या चुकीमुळे त्याची ही वर्षं गेली असं कबूल करून. सुमारे २५ वर्षं. कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात काढावी लागली असती.

आसामचं १९९२ चं प्रकरणही असंच, तिथे २००० मध्ये फाशी कायम झाली, पुनर्विचाराच्या वेळी न्यायमूर्ती के. टी. थॉमस एकटे म्हणाले की वयाबद्दल शंका आहे तर फाशी नको, बाकी दोघांनी ऐकलं नाही. पुढे राज्यपालांनी फाशीची जन्मठेप केली, राज्यपालांचा तो निर्णय सुप्रीम कोर्टाने रद्द केला, मग स्वतःचा हा निकालही चूक म्हणून मागे घेतला आणि २०११ मध्ये गुवाहाटी हायकोर्टाने अल्पवयीन ठरवून सोडलं. थॉमस साहेबांचं दहा वर्षांपूर्वीचं म्हणणं खरं निघालं.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात लाजिरवाणं. २००३ चा दरोडा, बलात्कार आणि खून, भटक्या समाजातले सहा जण आरोपी, नाशिकच्या कोर्टात सगळ्यांना फाशी. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, पण २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाच्या सहा जणांना फाशी दिली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे २०१२ मध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर फाशी पक्की झाल्यावर तीन वर्षांनी निष्पन्न झालं. आणि २०१९ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने स्वतःचाच निकाल बदलून सहाही जणांना पूर्ण निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं आत. वयाचा विषय बाजूला ठेवला तरी एक गोष्ट यातून दिसते, की ज्या तपासात पोराचं वयसुद्धा धड कोणी बघितलं नाही त्यात बाकीचं तरी काय बघितलं असेल.

आपल्या कायद्यात मॅजिस्ट्रेटने पहिल्याच दिवशी, समोरचा माणूस लहान वाटला किंवा तो तसं म्हणाला तर, चौकशी करायचीच आहे. त्याला ना मोठा खर्च ना मोठी अक्कल, गावच्या शाळेत माणूस पाठवून निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) मागवायचा. माझं म्हणणं एवढंच आहे की ही चौकशी आरोपी मागो न मागो, फाशीची शक्यता असलेल्या प्रत्येक केसमध्ये सक्तीची करा. पीडितांच्या घरच्यांच्या बाजूनेही तेच बरं. तीन कोर्टांनी फाशी दिली असं मानून २५ वर्षं काढलेल्या कुटुंबाला अचानक कळतं की तो निकाल मुळातच चालणारा नव्हता, त्यांनी काय करायचं?

बरं, पण १८ च का? सतरा वर्षं अकरा महिन्यांच्याला माफ आणि अठरा वर्षं एक दिवसाच्याला फास, यात कसला न्याय? यावर सगळ्यात सविस्तर विचार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केलाय, कारण तिथे मुलांना मारायचा इतिहास लांबलचक आहे. १९४४ मध्ये साउथ कॅरोलायनात जॉर्ज स्टिनी नावाच्या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला विजेच्या खुर्चीत बसवून मारलं, त्याला दोषी ठरवणारा निकाल ७० वर्षांनी, २०१४ मध्ये रद्द झाला. १९८८ मध्ये तिथल्या कोर्टाने १६ खालच्यांची फाशी बंद केली, पुढच्याच वर्षी १६-१७ वाल्यांची चालेल म्हणून सांगितलं, आणि मग १ मार्च २००५ ला रोपर विरुद्ध सिमन्स या केसमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी १८ खालच्या सगळ्यांची बंद केली. १९७६ पासून तोपर्यंत अशा २२ जणांना मारून झालं होतं.

न्यायमूर्ती केनेडींनी कारणं तीन दिली. या वयात मागचापुढचा विचार न करता झटक्यात गोष्टी होतात, मित्रांच्या नादाला लागणं आणि घरच्या वाईट परिस्थितीतून बाहेर न पडता येणं हे मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि तिसरं म्हणजे स्वभाव अजून घडत असतो, त्यामुळे हा माणूस कायमचाच वाया गेलाय असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. फाशी तर त्यांच्यासाठी आहे जे सुधारण्यापलीकडे आहेत. मग ज्याचं घडणंच संपलं नाही त्याला त्यात कसं बसवणार? १८ ही रेघ काहीशी मनमानी आहे हे केनेडींनीही मान्य केलंय, पण समाज मतदानासकट बऱ्याच बाबतीत तीच रेघ मानतो, कुठेतरी ओढावी तर लागणारच.

विज्ञान मात्र या रेघेला आणखी पुढे ढकलतंय. मेंदूचा कपाळामागचा भाग, जो परिणामांचा विचार करतो आणि आवेग रोखतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो. अमेरिकेतल्या वकिलांच्या सर्वात मोठ्या संघटनेने २०१८ मध्ये २१ वर्षांपर्यंतच्यांना मृत्युदंड नको असा ठराव केला. जपानमध्ये तर सज्ञान होण्याचं वय २० असतानाही फाशीची मर्यादा १८ च होती. नोरियो नागायामा या मुलाने १९६८ मध्ये, १९ व्या वर्षी, चार खून केले आणि त्याला फाशी झाली १९९७ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

आपल्याकडे १८ च्या पुढे काय? फाशी देता येते, पण कमी वय हे शिक्षा सौम्य करायचं एक कारण धरायचं असतं. हे आलं १९८० च्या बच्चन सिंग निकालातून, तोच "दुर्मिळातील दुर्मिळ" वाला, म्हणजे फाशी अगदी अपवादात्मक केसमध्येच द्यायची असं सांगणारा. त्यात डॉ. चितळे या ज्येष्ठ वकिलांनी कोर्टापुढे एक यादी ठेवली होती की कुठल्या गोष्टी आरोपीच्या बाजूने धराव्यात, आणि कोर्टाने ती निकालात जशीच्या तशी उतरवून घेतली. त्यात एक ओळ अशी की आरोपी तरुण किंवा वृद्ध असेल तर त्याला मृत्युदंड देऊ नये. कोर्टाने या गोष्टींना वजन द्या म्हटलं, पण बंधनकारक केलं नाही. आणि तिथेच सगळा घोळ आहे.

दोन केसेस, दोन्ही महाराष्ट्रातल्या, दोन्ही बलात्कार आणि खुनाच्या. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वीस वर्षांच्या आरोपीची फाशी रद्द करून जन्मठेप केली, वय लहान, आधीचा गुन्हा नाही म्हणून. २०१५ मध्ये पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या केसमध्ये, म्हणजे २००७ मध्ये कॅबवाल्याने आणि त्याच्या साथीदाराने केलेला तो प्रकार, दोघेही तरुण होते पण नुसतं वय पुरेसं नाही म्हणत कोर्टाने फाशी कायम ठेवली. (पुढे २४ जून २०१९ ही तारीखसुद्धा ठरली होती, पण दयेच्या अर्जापासून पुढे सरकारने लावलेल्या उशिरामुळे हायकोर्टाने ती ३५ वर्षांच्या कैदेत बदलली.) हा फरक कशामुळे? गुन्ह्याचं स्वरूप वेगळं होतं असं म्हणता येईल, पण मग वयाला नेमकं किती वजन, हे कोणालाच सांगता येत नाही. न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी २०१३ मध्ये अख्ख्या देशातल्या अशा केसेस शेजारी शेजारी मांडून दाखवलं होतं की त्याच वयाच्या एकाला वयामुळे वाचवलंय आणि दुसऱ्याच्या वयाचा विचारही झालेला नाही. अठरा वर्षांच्या अलीकडे काळ्या दगडावरची रेघ आणि पलीकडे ज्या बेंचसमोर केस लागेल त्याची मर्जी, असा हा प्रकार आहे.

२०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात यावर थोडा उपाय सांगितला गेला. फाशी मागायची असेल तर सरकारनेच आरोपीचं वय, घरची परिस्थिती, शिक्षण, मानसिक तपासणीचा रिपोर्ट, तुरुंगातली वागणूक हे सगळं ट्रायल कोर्टापुढे आणायचं. आधी व्हायचं काय की दोषी ठरवलं सकाळी आणि शिक्षेवर सुनावणी दुपारी, वकील उभा राहून म्हणणार "माय लॉर्ड, आरोपी तरुण आहे, घरी आई-बाप आहेत", संपलं. आता निदान कागद मागवायला वेळ द्यावा लागतो.

राहिलं वयाचं दुसरं टोक, ते पटकन सांगतो. चीनने २०११ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मृत्युदंड बंद केला, अत्यंत क्रूर पद्धतीने खून केला असेल तेवढा अपवाद ठेवून. रशियाच्या कायद्यात ६५ वरच्या पुरुषांना नाही. झिम्बाब्वेच्या २०१३ च्या राज्यघटनेत ७० वरच्यांना नव्हता, आणि खालच्या बाजूला २१ पर्यंतच्यांनाही नव्हता, २०२४ अखेर त्यांनी फाशीच काढून टाकली. उलट जपानने २००६ च्या नाताळात ७५ आणि ७७ वर्षांच्या कैद्यांना फाशी दिली आणि अमेरिकेत अलाबामाने २०१८ मध्ये ८३ वर्षांच्या माणसाला मारलं. भारतात वरच्या बाजूला कायद्यात कुठलीही रेघ नाही, नव्वदीतल्या माणसालाही फाशी सुनावता येते. त्याच्या वकिलाच्या हातात असतं ते दयेच्या अर्जातलं एक कारण आणि डॉ. चितळेंच्या यादीतलं ते "किंवा वृद्ध".